न वाचलेला चौकोन

माझ्या मोठ्या नणंदेनं वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर पायथन टाकायचं ठरवलं, तेव्हा ते एका सापाचं नाव आहे एवढंच मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरला काम सांगायच्या अनेक भाषा असतात, त्यातली ही एक आणि शिकायला सोपी, हे ताईंनीच मला पोळ्या लाटताना सांगितलं.

ताईंना दिसत नाही. चार वर्षांच्या असताना गोवराच्या तापात नजर गेली. त्या अंधशाळेच्या वसतिगृहात राहून बारावीपर्यंत शिकल्या आणि बुलढाण्याला एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. कचेरीतल्या प्रत्येक टेबलाचा नंबर त्यांना पाठ असायचा. कोण साहेब जेवायला गेले, कोण रजेवर, हे त्या शिपायाच्या आधी सांगायच्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि फोन जोडून द्यायचा तो बोर्ड बंद पडला. नोकरी कायम होती, पगार चालू होता, फक्त काम नव्हतं. शेवटची सहा वर्षं त्या रोज दहाला जाऊन बंद बोर्डासमोर बसायच्या आणि पावणेसहाला घरी यायच्या. एकदा कॉलेजच्या कामासाठी मी त्या कचेरीत गेले होते, तेव्हा दारातून त्यांना पाहिलं होतं. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ. मी हाक न मारताच परत फिरले. का, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि ताई आमच्याकडे चिखलीला राहायला आल्या. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहे. मिस्टर शाळेत शिक्षक आहेत आणि रविवारी उंद्रीला शेतावर जातात. मुलं शिकायला बाहेरगावी. त्यांच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर हॉलमध्ये कपड्याखाली झाकून ठेवलेला असायचा. ताईंनी आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याच्यावरचा कपडा काढायला लावला.

फोनवर त्यांनी अंध लोकांसाठीचा एक वर्ग लावला होता. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी आठ ते नऊ. शिकवणारे सरही अंधच. आधी दोन महिने पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायला शिकवलं. ते मिस्टरांनी कॉम्प्युटरवर टाकून दिलं होतं. त्याचा आवाज एका बाईचा, नाकात बोलणारा आणि इतका भरभर की मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. ताई मात्र तो आणखी वेगात लावायच्या.

मग सरांनी सांगितलं, पुढच्या वर्गाच्या आधी प्रत्येकानं पायथन टाकून ठेवावा, आणि पहिल्यांदा टाकताना कोणी डोळस माणूस जवळ असलेला बरा. मिस्टरांनी शनिवारी फाइल उतरवून ठेवली आणि रविवारी सकाळी उंद्रीला निघून गेले. काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी दुपारी गावातच माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मी साडी नेसून तयार होते. ऑटोवाला दारात उभा होता. ताई खुर्चीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या मागून वाकून माउस धरला.

"तुम्हीच करा ना ताई कीबोर्डवरून," मी म्हटलं.

"नको. लेकरांचं मशीन हाये. माह्या हातानं काही बिघडलं तं? तू कर अन् जे दिसते ते वाचून सांग मले."

मी फाइल उघडली. एक खिडकी आली. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'इन्स्टॉल' लिहिलेलं होतं. त्या नाकातल्या आवाजानं पहिला शब्द उच्चारला, तेवढ्यात मी ते दाबलं आणि आवाज मध्येच तुटला. परवानगी मागणारी एक खिडकी आली, तीही दाबली. हिरवी पट्टी सरकत गेली. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"झालं," मी म्हटलं. "व्यवस्थित झालं असं लिहून आलं."

"सगळं वाचलं ना तू? कुठी खूण-बीन करायले सांगत होतं का?"

"वाचलं ना. काही नव्हतं."

ताई "बरं" म्हणाल्या. मी पर्स उचलली आणि निघाले.

सोमवारी सकाळी मी ओट्याशी डबे भरत होते. हॉलमध्ये वर्ग चालू होता. सर म्हणाले, "काळी खिडकी उघडा, त्यात पायथन असं टाइप करा आणि एंटर दाबा." काळी खिडकी म्हणजे जिथं कॉम्प्युटरला नुसतं लिहून हुकूम देता येतो ती. एकेक जण आपल्या मशीननं काय उत्तर दिलं ते सांगू लागला. सगळ्यांना कुठला तरी आकडा मिळत होता. ताईंच्या मशीननं पायथन सापडला नाही असं सांगितलं.

"ताई, टाकताना खालच्या चौकोनात खूण राहिली असेल," सर म्हणाले. "बहुतेकांची तीच राहते."

"नाही सर. माह्या भावजयीनं सगळं वाचून केलं. ते नोकरी करणारी हाये, तिचं असं चुकत नाही. माह्याच हातून मांगून काही झालं असन."

माझ्या हातात पोळ्यांचा डबा होता. त्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं, पाण्याची बाटली भरली. खरं तर तेव्हाच हॉलमध्ये जाऊन सांगायचं होतं. नऊला कॉलेज गाठायचं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

बुधवारी आणि शुक्रवारीही तेच झालं. वर्ग पुढे सरकला. बाकीचे दोन आकड्यांची बेरीज करून पाहत होते, आपलं नाव पाच वेळा छापून घेत होते. वरवट बकालच्या एक बाई वर्गात होत्या, आवाजानं हसऱ्या, त्या तर प्रत्येक वेळी "झालं सर, माझं झालं" म्हणायच्या. ताई नुसतं ऐकत होत्या. शुक्रवारी मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर दोन्ही हात मांडीवर आणि मान ताठ. मी त्यांना तसं याआधी एकदाच बघितलं होतं.

पुढच्या रविवारी मिस्टर शेतावर गेल्यावर मी ताईंना न विचारता कॉम्प्युटर लावला आणि ती फाइल परत उघडली. काही दाबलं नाही, नुसतं पाहिलं. आता खिडकी वेगळी होती, कारण पायथन आधीच टाकलेला होता. त्यात दुरुस्त करा, काढून टाका असं लिहिलेलं होतं. पहिली खिडकी मला आठवेना. मग मोबाइलवर तिचं चित्र शोधलं. तळाशी, बारीक अक्षरांत, दोन चौकोन. खालचा रिकामा. म्हणजे तो त्या दिवशीही तिथंच होता, मी माउस फिरवला त्याच्या चार बोटं खाली.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. माउसचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

"ताई," मी म्हटलं, "तो चौकोन होता. मी पाह्यलाच नाही. सगळं वाचलं म्हणून तुमच्याशी खोटं बोलली."

"मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"तवाचपासून. त्या बाईचा आवाज तू पहिल्याच शब्दाले तोडला. तेवढ्यात कोणाचं एवढं वाचून होते वं? तीस वर्षं म्या लोकांचं ऐकूनच पोट भरलं. कोण खरंच साहेबाले शोधून राह्यलं अन् कोण नुसतं टेबलावर पेन आपटून 'साहेब नाही' म्हणून राह्यलं, ते मले समजते."

"मंग सरांसमोर माझी बाजू काऊन घेतली?"

ताईंनी चाचपडत खुर्ची ओढली आणि बसल्या. "म्हटलं, पाहू, सांगते का हे. अन् दुसरं, तुले बोलली असती तं तू रागानं परत बसली नसती. मले अजून तुही गरज हाये ना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण माफ केल्याचाही सूर नव्हता.  त्यांनी हात पुढे केले आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

"आता तू माउस हातात घेऊ नको. नुसती पाह्य. म्या चुकली तरच बोल."

काळी खिडकी उघडून ठेवली आणि आधीचा पायथन त्यांनी काढून टाकला. फाइल पुन्हा उघडली. टॅबचं बटण एकेकदा दाबत त्या खिडकीतल्या प्रत्येक जागी थांबल्या आणि तो नाकातला आवाज प्रत्येक जागेचं नाव सांगत गेला. दोन वेळा चक्कर मारली. त्या खिडकीत एकूण किती गोष्टी आहेत ते त्यांनी बोटांवर मोजलं आणि मगच खालच्या चौकोनावर जाऊन स्पेसबार दाबला. आवाज म्हणाला, खूण झाली. "झाली का?" त्यांनी मला विचारलं. "झाली," मी म्हटलं, आणि या वेळी खरंच चौकोनाकडे बघून म्हटलं.

सगळं पार पडलं. त्यांनी काळ्या खिडकीत पायथन टाइप केलं, एंटर दाबलं. पुन्हा तेच, सापडला नाही.

 आता माझी काही चूक नव्हती, तरी माझा हात माउसकडे गेला. ताई मात्र शांत होत्या. त्यांनी सरांना फोन लावला. सर जेवत होते. म्हणाले, "ती काळी खिडकी आधीपासून उघडी होती का? मग तिला जुनीच यादी माहीत आहे. बंद करून नवी उघडा."

नवी उघडली. आवाजानं पायथन हा शब्द उच्चारला आणि पुढे तीन, टिंब, आणखी आकडे. ताईंनी ते आकडे तोंडानं म्हणून पाहिले.

"त्या चौकोनानं असं काय होते?" मी विचारलं.

"अवं, सोपं हाये. नवा साहेब आला, टेबल भेटलं, टेबलावर सेटही ठेवला. पण बोर्डाच्या यादीत त्याचा नंबरच नाही टाकला. मंग बाहेरून कोणी मागितला तं म्या काय सांगीन? असा कोणी साहेब नाही म्हणून. साहेब बिचारा आतमंदी बसूनच हाये."

मला ते तिथंच समजलं. कॉलेजात दोन वर्षांनी आमच्या नव्या प्राध्यापकांना मी तसंच समजावून सांगितलं.

पायथनसोबत पिप नावाची एक गोष्ट येते. इतर लोकांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम ती इंटरनेटवरून आणून देते, आणि त्या प्रोग्रामला आणखी कशाची गरज असेल तर तेही न मागता आणते. आणखी काही महिने वर्ग झाल्यावर ताईंना त्यातलं एकच आणायचं होतं, वर्डच्या फायलींमधला मजकूर बाहेर काढणारं पॅकेज. त्यांनी हुकूम टाइप केला. सामान उतरायला लागलं आणि तो आवाज बेभान सुटला. किती उतरलं, किती राहिलं, सेकंदाला किती, मध्येच नुसत्या रेघा, परत आकडे. पडद्यावर सरकणारी पट्टी होती, तिचा प्रत्येक तुकडा तो वाचून दाखवत होता. ताई आधी लक्ष देऊन ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. पुढे सरांनी ती पट्टी बंद ठेवायचा शब्द सांगितला, तो त्या हुकमाच्या शेवटी जोडला की आवाज गप्प राहायचा.

वर्डच्या फायली कशाला, हे मला त्यानंतर कळलं. त्या फायली माझ्या होत्या.

मी बावीस वर्षं मराठी टाइप करते आहे. सुरुवातीला जो फॉन्ट शिकले त्यातच अजून करते. त्या फॉन्टचं असं आहे की पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी अक्षरंच असतात. डी दाबलं की 'क' दिसतो, के दाबलं की काना. मी 'काम' लिहिलं की मला 'काम' दिसतं, ताईंच्या त्या आवाजाला 'डी के ई' ऐकू येतं. मी घरी पेन ड्राइव्हवर कॉलेजची पत्रं आणायचे, ती ताईंनी एकदा उघडून ऐकायचा प्रयत्न केला होता आणि त्यांना नुसती एबीसीडी ऐकू आली होती.

"बावीस वर्षं तू जे लिहिलं, ते मशीनले एक अक्षर समजत नाही," त्या म्हणाल्या. "अन् मलेही नाही. माह्यासारख्याच आंधळ्या पोरायपाशी अभ्यासाच्या अशाच फायली हायेत. सगळ्यांची हेच रड हाये. याचं खरं मराठी करून देणारा प्रोग्राम लिहायचा हाये मले. तयार भेटतात काही, पण त्यायचं ळ अन् रफार कुठचे कुठं जाते."

पुढचे दोन महिने सकाळचा चहा झाल्यावर, वर्ग नसेल त्या दिवशी, आम्ही दोघी अर्धा-पाऊण तास बसायचो. मी डोळे मिटून बोटं हवेत हलवायची, कारण कुठल्या अक्षराला कुठलं बटण हे माझ्या डोक्यात नव्हतं, बोटांत होतं. बोट जिथं जायचं ते बटण मी सांगायची, ताई त्यांच्या यादीत लिहायच्या. पहिली वेलांटी सगळ्यात त्रासाची निघाली. आमच्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करतात, खऱ्या मराठीत ती नंतर धरतात. ताईंनी तिला उचलून पुढच्या अक्षरापलीकडे नेणारं काही लिहिलं. 'किती' बरोबर आलं. 'स्थिती' मोडलं, कारण तिथं वेलांटीला अर्धा स ओलांडून जावं लागतं. तीन सकाळी त्यातच गेल्या.

"थांब, थांब," ताई म्हणायच्या, "अर्धा स हाये का तिथं? का पुरा?"

"अर्धा."

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मी विचारायची वाट नको पाहू. जे हाये ते सगळं सांगत जाय."

तेव्हापासून मी सगळं सांगत गेले. अनुस्वार, स्वल्पविराम, दोन शब्दांत चुकून पडलेली दोन स्पेस. कंटाळा यायचा. पण कॉलेजात एखादा अर्ज हातात आला तर मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले, हे माझ्या हेडक्लार्कच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "मॅडम, आजकाल तुम्ही वेळ लई लावता."

प्रोग्राम तयार झाला तेव्हा ताईंनी माझी एक जुनी फाइल त्यात घातली, सुट्टीच्या वेळापत्रकाचं पत्र. मशीननं ते पत्र मराठीत वाचलं. पहिल्यांदाच मी माझं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे त्या नाकातल्या आवाजात फार विचित्र वाटलं. ताईंनी लागोपाठ दहा-बारा पत्रं ऐकली.

"सगळे पत्र एकसारखेच हायेत वं," त्या म्हणाल्या. "तारीख बदलते फक्त."

"कामच तसं आहे ताई."

"हाव. माहंही तसंच होतं. 'नमस्कार, कोण पाह्यजे?' दिवसातून दोनशे खेप."

वर्गातली मंडळी फायली पाठवू लागली. काही नीट व्हायच्या, काही नाही. ज्यांचा फॉन्ट वेगळा त्यांच्यासाठी नवी यादी करावी लागायची आणि तो फॉन्ट मला येत नसायचा. तेव्हा ताई सरळ सांगायच्या, हे माझ्याकडून होणार नाही.

वरवट बकालच्या त्या बाईंची फाइल झाली. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पन्नाशीत नजर कमी होत गेली आणि मग पूर्णच गेली. दिसत होतं तेव्हा त्यांनी स्वतः टाइप केलेल्या धड्यांच्या टिपणांचा तो गठ्ठा होता. ताईंनी पाठवल्यावर चार दिवस त्यांचा काही निरोप आला नाही. पाचव्या दिवशी फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, मी सगळं ऐकलं," बाई म्हणाल्या. त्यांचं नेहमीचं हसू नव्हतं. "माझाच आवाज कानात आल्यासारखं वाटलं. पण तिसऱ्या धड्यात एक चूक आहे हो. दोन नद्यांची नावं उलटी पडली. तुमच्या मशीनची नाही, माझीच आहे. अकरा वर्षं पोरांना तसंच शिकवलं असेल मी."

"मंग?"

"तेवढं दुरुस्त करून परत पाठवता का?"

ताईंनी फोन जवळ ओढला. "म्या नाही करत. तुमचे टिपण हायेत, तुम्हीच करा. पायथन तं हायेच तुमच्यापाशी. माहा प्रोग्राम पाठवते, पिपनं ते एक पॅकेज आणा, अन् मंग तुमच्या हातानं दुरुस्त करा. मी बसते फोनवर."

त्यांनी तसंच केलं. पहिल्या दिवशी तिकडची रेंज गेली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तेव्हा ताई फोन कानाला लावून बसल्या होत्या आणि "एंटर दाबा, आता काय ऐकू येते ते सांगा, पुरं सांगा" असं म्हणत होत्या. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.